हिवाळ्यातला दाराचा झटका

प्रश्न : थंड हवेच्या देशात राहायला येऊन आम्हाला दोनच महिने झाले आहेत. घरात दाराच्या मुठीला हात लावला की बोटाला चटकन झटका बसतो. वायरिंगमध्ये काही दोष असेल का? शिवाय ओठ सारखे फुटतात, मात्र घरात टाकलेले कपडे रातोरात वाळतात.

उत्तर : वायरिंगचा यात संबंध दिसत नाही, तुमच्या तिन्ही निरीक्षणांचे मूळ कोरड्या हवेत आहे. थंड हवेत बाष्प मुळातच कमी मावते, आणि बाहेरची ० अंशाची, बाष्पाने पूर्ण भरलेली हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता (म्हणजे त्या तापमानाला मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेला वाटा) जेमतेम २६ टक्के उरते. अशा हवेत गालिच्यावरून चालताना अंगावर साठलेला विद्युतभार सहजी निघून जात नाही आणि धातूला बोट टेकण्याआधीच ठिणगी उडते. तिचा दाब काही हजार व्होल्ट असला, तरी भार अत्यल्प असल्यामुळे ती सहसा केवळ दचकवते. (अंधारात पाहिलीत तर ती चक्क दिसते!)

किल्ली चिमटीत घट्ट धरून तिचे टोक आधी मुठीला लावा. ठिणगी किल्लीवर उडेल, बोटाला फारसे जाणवणार नाही. घरात सुती कपडे वापरावेत, हातांना मलम लावावे. ओले कपडे मात्र खुशाल खोलीतच वाळत घाला, तेवढीच हवा ओलसर होईल. फक्त खिडकीच्या काचेवर पाणी साचू लागले, तर आवरते घ्या, कारण पुढे भिंतीला बुरशी धरते.