अनेक मुले असलेले ख्रिस्ती मिशनरी कुटुंब परदेशात कसे राहते?

सहा-सात मुलांना घेऊन परदेशी गेलेल्या मिशनरी कुटुंबाचा संसार कसा चालतो, पैसा कोठून येतो आणि त्या मुलांचे पुढे काय होते, असे आपण विचारले आहे. मिशनरींची चरित्रे, त्यांची छापलेली पत्रे आणि त्यांच्या मुलांनी मोठेपणी लिहिलेल्या आठवणी मी बरीच वर्षे वाचत आले आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की कोणत्या गावी राहायचे, रजा केव्हा घ्यायची, आईने कोणाजवळ थांबायचे, असे अशा घरातील जवळजवळ सगळे मोठे निर्णय अखेर मुलांच्या शाळेपाशी येऊन अडतात. म्हणून पैशाचे आणि घरचे आधी सांगते व मग शाळेकडे वळते.

जुन्या मिशन मंडळांत कुटुंबाचे वेतन बहुधा मंडळच ठरवून देत असे. हडसन टेलर यांनी १८६५ साली चीनसाठी चायना इनलँड मिशन ही संस्था काढली, तेव्हा मात्र ठरावीक वेतनाची हमी द्यायची नाही, कर्ज काढायचे नाही आणि लोकांपुढे हातही पसरायचा नाही, असा नियम केला. आजच्या अनेक संस्थांत कुटुंबाला निघण्यापूर्वी स्वतःच मायदेशातील चर्चमधून फिरून मासिक देणग्यांची वचने मिळवावी लागतात. खाणारी तोंडे जितकी जास्त, तितकी ही रक्कम मोठी, आणि तिची जुळवाजुळव होईपर्यंत एक-दोन वर्षे सहज निघून जातात. त्यानंतर देणगीदारांना नियमित प्रार्थनापत्रे पाठवायची असतात. त्यांत सेवाकार्याच्या हकिकतीबरोबर थोरल्याची परीक्षा, धाकटीचा ताप आणि मधल्याचे रुसणेही येते. मुलांना न विचारता त्यांचे बालपण असे शेकडो अनोळखी घरांत वाचले जावे, हे मला आजही खटकते. रजेवर मायदेशी आल्यावर तर मुलांना कामाच्या देशाचा पोशाख घालून व्यासपीठावर उभे करण्याची आणि तिथल्या भाषेत गाणे म्हणायला लावण्याचीही पद्धत होती.

घरात सकाळची उपासना आणि शास्त्रपाठ सहसा चुकत नाही. पालक शिक्षक लावून वर्ष-दोन वर्षे भाषा शिकतात, तर मुले तीच भाषा अंगणात खेळता खेळता उचलतात, आणि बाजारात आईचा दुभाष्या पाच-सहा वर्षांचा मुलगा होऊन बसतो. थोरल्या मुलीला फार लवकर अर्धी आई व्हावे लागते. खरी आई मुलींची शाळा, औषधांची पेटी, येणारे-जाणारे पाहुणे आणि स्वतःची बाळंतपणे असे सगळेच सांभाळत असते. तरीही अमेरिकन बोर्ड या परदेशी मिशनरी पाठवणाऱ्या संस्थेच्या जुन्या याद्यांत तिची नोंद ‘सहायक मिशनरी’ अशीच सापडते.

पूर्वी अशा घरात मृत्यूही वारंवार येत असे. विल्यम केरी १७९३ साली कुटुंबासह बंगालमध्ये आले. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला, आणि मुळात येण्यास राजी नसलेल्या डोरोथीबाईंचे मन जे ढासळले ते १८०७ साली मृत्यू येईपर्यंत सावरले नाही. चीनमध्ये राहिलेल्या सायडेनस्ट्रिकर दांपत्याची तर सातांपैकी चार मुले लहानपणीच गेली. वाचलेल्या तिघांतील पर्ल पुढे पर्ल बक म्हणून प्रसिद्ध झाल्या आणि १९३८ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता शाळेविषयी. एकोणिसाव्या शतकात सहा-सात वर्षांच्या मुलाला शिक्षणासाठी मायदेशी धाडणे ही सर्वसाधारण रीत होती. ब्रिटनमध्ये मिशनरींच्या मुलींसाठी १८३८ साली आणि मुलग्यांसाठी १८४२ साली स्वतंत्र निवासी शाळा निघाल्या. आईबाप समुद्रापार असताना शाळेलाच घर मानावे, अशी त्यांमागची कल्पना होती. हवाई बेटांवरच्या अमेरिकन कुटुंबांना मुले दक्षिण अमेरिकेच्या टोकाला असलेल्या केप हॉर्नला वळसा घालून, काही महिन्यांच्या प्रवासाने, न्यू इंग्लंडला पाठवावी लागत. ती पुन्हा दिसतील की नाही, याचा भरवसा नसे. ही ताटातूट सोसवेना, म्हणून त्यांनी १८४१ साली तिथेच पुनाहू ही शाळा स्थापन केली. मिशनरी पालकांनी कामापुढे मुलांना सरसकट दुय्यम मानले, असे म्हणणाऱ्यांना मी नेहमी पुनाहूचे उदाहरण देते.

उलट बाजूची उदाहरणेही आहेतच. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांनी १८५२ साली केप टाउनहून पत्नी मेरी आणि चार मुलांना ब्रिटनला पाठवले आणि स्वतः आफ्रिकेच्या अंतर्भागात शिरले. पुढची भेट १८५६ च्या डिसेंबरात झाली. मेरी स्वतः दक्षिण आफ्रिकेतील कुरुमानच्या मॉफट या मिशनरी घराण्यातील आणि आफ्रिकेतच वाढलेल्या. ज्या देशाला सारे त्यांचा मायदेश म्हणत, त्या देशात त्यांना ती साडेचार वर्षे ओढगस्तीत आणि एकटेपणात काढावी लागली. थोरला मुलगा रॉबर्ट पुढे नाव बदलून अमेरिकेच्या यादवी युद्धात लढला आणि १८६४ साली युद्धकैदी म्हणून मरण पावला. लिव्हिंगस्टन यांच्याविषयी मला आदर आहे, पण हा भाग वाचताना तो आदर बाजूला ठेवावा लागतो.

आज विमान आहे, रोजचे दृश्यसंभाषण आहे, आणि बरीच मोठी कुटुंबे मुलांना घरीच शिकवतात. मात्र घरच्या शिक्षणाचा सारा भार आईवर पडतो, आणि किशोरवयीन मुलांना बरोबरीची सोबत मिळत नाही. स्थानिक शाळेत घातले तर भाषा व मित्र मिळतात, परंतु पुढे मायदेशातील महाविद्यालयात प्रवेश घेताना अडचण येते. याच कारणाने एकाच घरातील एक मूल घरी, दुसरे गावच्या शाळेत आणि तिसरे दूरच्या वसतिगृहात, अशी विभागणी झालेली आढळते.

आपण कुठले, हा प्रश्न अशा मुलांना मायदेशी परतल्यावर पडतो. दिसायला ती इतरांसारखीच असतात, त्यामुळे त्यांचा परकेपणा कोणाच्या ध्यानात येत नाही. समाजशास्त्रज्ञ रूथ हिल यूसीम यांनी १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना अशा मुलांना ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ म्हटले. ही संस्कृती आईबापांची नसते आणि राहत्या देशाचीही नसते, ती मधल्या जागेत तयार होते. कित्येक जण त्या मधल्या जागेकडेच परत गेले. श्रीलंकेत आणि पुढे मद्रास भागात काम केलेले डॉक्टर जॉन स्कडर यांचे सात मुलगे मिशनरी झाले, आणि नात आयडा यांनी वेल्लोरचे वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. १८४७ साली मुंबईत जन्मलेले रॉबर्ट ह्यूम अमेरिकेत शिकून १८७४ साली परतले आणि अहमदनगरात सुमारे पन्नास वर्षे राहिले.

एकाच आयुष्यात हे सारे पाहायचे असेल तर एरिक लिडेल यांचे चरित्र वाचावे. १९०२ साली चीनमध्ये त्यांचा जन्म झाला. सहाव्या वर्षी त्यांना थोरल्या भावाबरोबर मिशनरींच्या मुलग्यांसाठी १८४२ साली निघालेल्या, वर सांगितलेल्या लंडनच्या शाळेत ठेवून आईवडील कामावर परतले, आणि पुढे भेटी झाल्या त्या केवळ रजेपुरत्या. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी ४०० मीटर धावण्याचे सुवर्णपदक जिंकले आणि दुसऱ्याच वर्षी ते चीनला गेले. १९४१ साली युद्धाची चिन्हे पाहून त्यांनी गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला रवाना केले व स्वतः मागे राहिले. पुढे जपान्यांनी त्यांना चीनमधील वेइशियन येथील छावणीत कोंडले. तिथे चीफू या मिशनरी शाळेची आईबापांपासून तुटलेली मुलेही होती. लिडेल त्यांना विज्ञान शिकवत, त्यांचे खेळ घेत. फेब्रुवारी १९४५ मध्ये मेंदूतील गाठीने ते तिथेच वारले. कॅनडात जन्मलेली त्यांची तिसरी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, आणि तिला त्यांनी एकदाही पाहिले नव्हते.