बरडॉक: पानं झकास, मुळाचं काय?

प्रश्न: हौसेने बरडॉक (ज्याचं लांब मूळ भाजी म्हणून खातात ते झाड) लावलं. पानं इतकी रुंद झाली की वाफा दिसेनासा झाला, पण उपटलं तर खाली वीतभर मूळ, तेही तीन फाट्यांचं. अर्धं तर तुटून मातीतच राहिलं. खत कमी पडलं का?

उत्तर: कमी नाही हो, बहुतेक जास्तच पडलं. एवढी माजलेली पानं म्हणजे नायट्रोजन भरपूर, आणि खत ताजं असेल तर फाटे फुटायला तेवढं कारण पुरतं. हे सोटमूळ आहे, मोकळी माती मिळाली तर दोन-तीन फूट सरळ खाली जातं, पण वाटेत दगड, ढेकूळ किंवा न कुजलेलं शेणखत आलं की टोक दुखावतं आणि तिथूनच फाटे फुटतात, मग वरून कितीही लाड करा ते परत सरळ होत नाही. ट्रेमध्ये रोपं करून लावली असतील तरी हाच प्रकार होतो, म्हणून बी थेट जागेवरच पेरायचं.

थोडक्यात मेहनत पेरणीच्या आधीची आहे. किमान दोन फूट खोल खणा, खडे वेचून काढा, खत घालायचं तर पूर्ण कुजलेलं आणि तेही बेताचं. पाणी साचायला नको, नाहीतर मूळ सडतं. तुमची माती चिकण असेल तर मी म्हणेन खणायच्या भानगडीत पडूच नका, सरळ जमिनीवर बिनबुडाचं लाकडी खोकं ठेवा, दोन-अडीच फूट उंच, आणि वाळू-कंपोस्ट मिसळलेली भुसभुशीत माती भरा. एका बाजूच्या फळ्या खिळ्यांनी नाही, स्क्रूने बसवा. काढणीला ती बाजू उघडली की माती आपोआप ढासळते आणि मुळं अख्खी हातात येतात, मला तरी हीच पद्धत सगळ्यात शहाणपणाची वाटते. जमिनीत असेल तर मुळाच्या शेजारी खोल चर खणून मूळ बाजूने मोकळं करायचं. उपटायचं नाही, उपटलं की तुटणारच.

प्रश्न: बी दोनदा पेरलं, उगवलंच नाही. बी खराब असेल का?

उत्तर: असेलही, पण आधी सांगा किती खोल पेरलंत? बरडॉकच्या बीला उगवायला उजेड लागतो, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून वरच्यावर पेरा, बोटाने दाबा आणि वर मातीचा अगदी पातळ थर, बास. माती कोमट हवी, २० ते २५ अंश असेल तर उत्तम, आणि वरचा थर सुकू द्यायचा नाही. एक-दोन आठवड्यांत कोंब दिसतात. मग विरळणी करून दोन रोपांत १०-१५ सेंटीमीटर अंतर ठेवा, जास्तीची रोपं उपटण्यापेक्षा कात्रीने कापलेली बरी, शेजारच्याचं मूळ हलत नाही.

प्रश्न: ग्रो बॅगमध्ये जमेल का?

उत्तर: जमेल, बॅग उंच असेल तर. रुंदीला अर्थ नाही. पाकिटावर गोबो लिहिलेलं बी म्हणजे हेच, त्यात ताकिनोगावा ही लांब मुळाची जात, बॅगेत ती लावू नका. ओउरा नावाची आखूड, जाड मुळाची जात मिळाली तर बघा.

प्रश्न: काढायचं कधी? राहून गेलं तर?

उत्तर: साधारण चार महिन्यांनी एखादं खणून बघा, अंगठ्याएवढं जाड झालं की काढायला सुरुवात करा. फार ठेवलं तर आतून पोकळ आणि लाकडासारखं होतं. झाड दोन वर्षांचं असतं, दुसऱ्या वर्षी माणसाच्या उंचीचा दांडा येतो, फुलं येतात, मग मूळ खाण्यालायक राहत नाही. त्यानंतरची काटेरी बोंडं कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना जी चिकटतात ती चिकटतात, स्विस इंजिनिअर जॉर्ज द मेस्ट्राल यांना १९४१ मध्ये वेल्क्रोची कल्पना त्यांच्यावरूनच सुचली. बी धरायचं असेल तर एकच झाड ठेवा आणि तेही जायच्या-यायच्या वाटेपासून लांब.

काढलेली मुळं न धुता, ओलसर कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. साल सोलायची नाही, सुरीच्या पाठीने खरवडली तरी पुरे. चिरल्यावर लगेच काळी पडतात, ते खराब झालं म्हणून नाही, फोडी पाण्यात टाका, हवं तर थोडं व्हिनेगर घाला.

प्रश्न: रानात उगवलेलं बरडॉक खणून आणलं तर चालेल?

उत्तर: झाड ओळखण्याची पक्की खात्री नसेल तर अजिबात नको. बेलाडोनाची विषारी मुळं बरडॉक समजून खाल्ल्याने किंवा बरडॉकच्या चहात मिसळली गेल्याने विषबाधा झाल्याची उदाहरणं आहेत. आणि घरचं असलं तरी शेवंती, डेझीच्या कुळाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, बरडॉक त्याच कुळातलं आहे.