खोकं उघडलं नाही, तरीही

प्रश्न : वडिलांची युद्धकाळातली, थर्टी-ओ-सिक्स काडतुसाची अमेरिकन स्प्रिंगफील्ड रायफल रीतसर माझ्या परवान्यावर आहे. काडतुसं परवडत नाहीत. दिवाळीत मेहुण्याने अमेरिकेहून काडतुसं भरायचं, म्हणजे पुंगळीत दारू आणि गोळी बसवायचं यंत्र आणलं, ते माळ्यावर खोक्यातच आहे. जुन्या रायफलीला घरी भरलेली काडतुसं धोक्याची ठरतील का? (एक वाचक, दादर)

उत्तर : ठरू शकतात. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० च्या आतल्या क्रमांकांच्या रायफलींचं पोलाद ठिसूळ निघालं होतं, काही फुटल्याही. तुमचीचं काय, ते जाणत्या गनस्मिथला, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराला विचारा.

अशी पत्रं लिहिणाऱ्या सगळ्यांचं लक्ष बंदुकीच्या दारूच्या मापाकडे असतं, शस्त्र कायदा कुणी उघडत नाही. १९५९ च्या या कायद्याच्या कलम २ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही धरली आहे. म्हणजे दिवाळीपासून तुमच्या माळ्यावर विनापरवाना दारूगोळा आहे, आणि विचारताय आत्ता!

एकच गोष्ट तुमच्या बाजूने आहे : एकही काडतूस भरलेलं नाही. नुसतं बाळगणं हा कलम ३ चा भंग, शिक्षा दोन ते पाच वर्षं. त्यात कलम ३९ प्रमाणे खटल्याआधी पूर्वमंजुरी लागते. मुंबईत ती पोलीस आयुक्तांची. एक जरी भरलंत तरी ते कलम ५ खालचं उत्पादन. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप, आणि कलम ३९ चा आडोसाही नाही. यंत्र ‘मिळवणं’सुद्धा कलम ५ मध्येच येतं, असं सरकारी वकील म्हणू शकतील. त्यावर वाद घालता येईल. फक्त तो निकाली निघेपर्यंत रायफल मुद्देमालाच्या खोलीत गंजेल.

विमानतळावर बॅगेत विसरलेलं काडतूस सापडलं, तर ‘माहीतच नव्हतं’ हा बचाव हायकोर्टांनी मानला आहे. तुम्हाला तो नाही. मेहुण्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर काय बोललात, देव जाणे.

यंत्र विकू नका, भंगारात देऊ नका, खाडीत तर मुळीच टाकू नका. याच आठवड्यात फौजदारी वकील गाठा. त्यांच्यामार्फत पोलीस आयुक्तालयाला लेखी कळवा, यंत्र पोलीस ठाण्यात जमा करा. गुन्हा नोंदवणारच नाहीत असं मी सांगणार नाही. आयातीचा परवाना हा कलम १० चा वेगळा प्रश्न. मेहुण्याने कस्टम्सला काय सांगितलं, त्यावर बरंच अवलंबून. पण घरी पंचनाम्याला कुणी येण्याआधी तारीख-शिक्क्याची पोच तुमच्या हातात हवी.