माळ्यावर घर करायचंय, स्लॅब टाकू का?

प्रश्न: नमस्कार ताई, इंदूरला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचा आजोबांच्या वेळचा वाडा आहे, खाली दुकानं आणि सगळ्यात वरचा माळा, 600 चौरस फूट, वाटणीत आमच्याकडे आला. इतके दिवस तिथं जुने पाळणे नि गाठोडी पडून होती, आता आम्ही दोघं तिथंच राहायचं म्हणतोय. वर पत्रे आहेत, मध्ये उंची 14 फूट, कडेला 7. ठेकेदार म्हणतो पत्रे काढा, स्लॅब टाका, टाइल्स बसवा, एकदाचं पक्कं होऊन जाईल. मला मात्र रीलमध्ये दाखवतात तसा लाकडी जिना आणि वर मेझनिनवर, म्हणजे खोलीतल्याच अर्ध्या मजल्यावर, झोपायची जागा पायजे. काय करू?

उत्तर: अगं, पहिले त्या ठेकेदाराला चहा पाज आणि घरी पाठव. 4 इंची स्लॅब म्हणजे चौरस फुटाला 23 किलो तरी, तुझ्या 600 फुटांवर होतात जवळजवळ 14 टन, आणि ते कुणाच्या डोक्यावर, तर ज्या भिंतींनी आजवर नुसते पत्रे पेललेत त्यांच्या. रोज राजवाडा बघतेस ना, सात मजल्यांतले खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, होळकरांच्या मिस्त्रींना कळत होतं की वर चढाल तसं हलकं व्हायचं.

टाइल्सचंही तेच, टाइल हलकी असते गं पण तिच्याखालचा 2 इंच सिमेंट-वाळूचा मसाला फुटाला 10 किलो. त्यापेक्षा जुन्या फळ्या घासून पॉलिश कर. पण त्याआधी प्रत्येक तुळई बघ, विशेषतः भिंतीत शिरते तिथं, कारण ओल तिथंच धरते आणि दीमकही तिथंच लागते, स्क्रूड्रायव्हर खुपसून बघ, लोण्यासारखा आत गेला तर आधी ती बदलायची, बाकी सगळं नंतर. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी देताना हात आखडू नकोस.

पाण्याचं सांगते, कारण तिथं मी स्वतः फसले. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, म्हणून आमच्या रामबागेतल्या घरी आम्ही 1000 लिटरची टाकी ठेवली ती नेमकी खोलीच्या मधोमध, भरली की 1 टन, आणि पावसाळा संपेपर्यंत तुळई इतकी वाकली की खालच्या खोलीचं दार लागेना. टाकी भिंतीच्या डोक्यावरच ठेव. बाथरूमही जुन्या मोरीचा पाइप उतरतो त्याच कोपऱ्यात, नाहीतर खालच्या दुकानदाराच्या साड्यांवर गळेल आणि मग भांडणं.

पत्रे राहू देत, वरून पांढरा रंग, आतून चार बोटं जागा सोडून प्लायचं सीलिंग, मध्ये रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारी दगडी लोकर, आणि अगदी टोकाला गरम हवा जायला फट. शब-ए-मालवा उगीच नै म्हणत, आपल्या रात्री गार असतात, पण गारवा आत यायला समोरासमोर खिडक्या पायजेत ना.

मेझनिन कर गं, हौस आहे तर कर, पण गरम हवा वरच जाते, मे महिन्यात तिथं भाजून निघशील. दिवाळी ते होळी वर झोपा, नंतर गादी खाली. आणि उशाची खिडकी सराफ्याकडे, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीकडे, असेल तर डबल काच आत्ताच लाव, रात्री दीड वाजता भुट्ट्याच्या किसाच्या कढईवर झारा आपटला की झोपेचं काय होतं ते मी सांगायला नको.