धडधड छातीत, मग तपासणी गळ्यातल्या ग्रंथीची का?

प्रश्न : माझ्या आईचे वय 58 आहे. गेले दोन महिने तिच्या छातीत धडधडते, हात थरथरतात आणि खाणेपिणे नीट असूनही वजन उतरले आहे. डॉक्टरांनी ईसीजीसोबत थायरॉईडची रक्ततपासणी करून घेतली. टीएसएच अवघा 0.01 आला, तरी ग्रंथी जास्त काम करते आहे, असे ते म्हणतात. हे कसे? आणि या ग्रंथीचा हृदयाशी संबंध काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : टीएसएच हे थायरॉईडचे संप्रेरक नाहीच. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी असते. ती ‘काम कर’ हा हुकूम टीएसएचच्या रूपाने थायरॉईडकडे धाडते. रक्तात थायरॉईडची टी-3 आणि टी-4 ही संप्रेरके जास्त झाली की पियूषिका हुकूम देणे थांबवते आणि टीएसएच घसरतो. ही संप्रेरके कमी पडली की टीएसएच वाढतो. क्वचित पियूषिकेतच बिघाड असतो, म्हणून टी-3 आणि टी-4 यांचे आकडेही पाहावे लागतात.

आता हृदयाकडे वळू. लाळग्रंथीचा स्राव नलिकेतून तोंडात उतरतो, पण थायरॉईडला अशी नलिका नसते आणि तिचा स्राव थेट रक्तात मिसळतो. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 5 लिटर रक्त असते आणि विश्रांतीच्या वेळी हृदय साधारण तेवढेच रक्त दर मिनिटाला पुढे ढकलते, त्यामुळे गळ्यात तयार झालेले संप्रेरक थोड्याच वेळात सर्वत्र पोहोचते. हृदयाच्या ठोक्यांची लय उजव्या अलिंदातील (हृदयाच्या वरच्या कप्प्यातील) पेशींचा एक लहानसा पुंजका ठरवतो. टी-3 वाढले की त्याची गती वाढते, हृदय अ‍ॅड्रेनलिनला अधिक तीव्र प्रतिसाद देऊ लागते आणि त्याच वेळी सगळे शरीर जास्त प्राणवायू मागू लागते. चिंतेमुळे होणारी धडधड झोपेत सहसा शमते. थायरॉईडमुळे वाढलेली नाडी मात्र झोपेतही जलदच राहते. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी 1835 मध्ये काही स्त्रियांमध्ये वाढलेली थायरॉईड ग्रंथी आणि जोराची धडधड एकत्र आढळल्याची नोंद केली होती, आणि या विकाराच्या एका प्रकाराला आजही त्यांचेच नाव आहे.

उतारवयात कधीकधी हृदयाची तक्रार हेच या विकाराचे एकमेव लक्षण असते. अलिंदांची लय बिघडून ती नुसती थरथरू लागली, तर तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघाताचा धोका असतो. म्हणूनच आपल्या डॉक्टरांनी दोन्ही तपासण्या एकत्र करून घेतल्या, आणि ते अगदी योग्य झाले.

औषध सुरू केल्यावर आठवडाभरात फरक दिसला नाही म्हणून आईंनी ते सोडू नये. ग्रंथीतील साठा संपायला वेळ लागतो आणि रक्तात आलेले टी-4 निम्मे व्हायलाच सुमारे 7 दिवस लागतात. तोवर धडधड आवरण्यासाठी वेगळी गोळी देतात; आईंना दमा असल्यास ती सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना आवर्जून सांगावे. थायरॉईडचे काम कमी करणाऱ्या गोळ्या सुरू असताना ताप आला किंवा घसा फार दुखू लागला, तर ते साधे पडसे समजू नये. या गोळ्यांमुळे क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होतात. अशा वेळी गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे आणि त्या पेशींची मोजणी करून घ्यावी.