घोडी तीनदा भरवूनही गाभण राहत नाही, ई-सेलेनियम (व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम एकत्र असलेलं औषध) सुरू करू का?

घोडी 400 किलोची, खाणं कोरडा कडबा, हरभरा आणि गव्हाचा कोंडा, असं तुम्ही लिहिलंय. या खाण्यात व्हिटॅमिन ए आणि ई कमी पडतातच. दोन्ही हिरव्या चाऱ्यात भरपूर असतात आणि चारा वाळवून साठवला की घटत जातात. पावसाळ्यात पोटभर हिरवं मिळालं असेल तर ए यकृतात काही महिने पुरतं. ई इतकं टिकत नाही. बी गटातली जीवनसत्त्वं आतड्यातले जंतू बनवतात आणि सी घोडा स्वतःच बनवतो, त्यामुळे त्यांच्या बाटल्यांवर खर्च नको.

आधी चारा बदला. हिरवा लसूणघास आठवडा-दहा दिवसांत हळूहळू वाढवत रोज 8-10 किलोवर न्या. कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, तो तोलही यानं सावरतो. नेपियरवर भिस्त ठेवू नका. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं.

हिरवं मिळतच नसेल तर ई वरून द्या: एरवी रोज 400 आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक, लेबलवर IU लिहिलेलं असतं), गाभण किंवा दूध पाजणाऱ्या घोडीला 800. लेबलवर ‘डी-अल्फा’ हवं. ‘डीएल’ म्हणजे कृत्रिम, ते कमी लागू पडतं. खुराकात थोडं तेल घाला म्हणजे नीट शोषलं जाईल.

सेलेनियम या खनिजाची मात्र मला खरी काळजी वाटते. या वजनाला दिवसाला सगळं मिळून जेमतेम 0.8 मिलिग्रॅम लागतं. खनिज मिश्रण, टॉनिक आणि इंजेक्शन तिन्हींत ते असेल तर बेरीज सहज धोक्यात जाते: आयाळ-शेपटीचे केस झडतात, खूर तडकतात. रक्त तपासल्याशिवाय इंजेक्शन नकोच. त्याची जीवघेणी ॲलर्जीही येऊ शकते. कोंबड्यांचं खाद्य किंवा प्रीमिक्स तर अजिबात नको, त्यात असू शकणारं मोनेन्सिन हे कोंबड्यांचं औषध घोड्याला मारतं.

पण जीवनसत्त्वं फक्त कमतरता भरून काढतात. तीनदा भरवून घोडी उलटली तर गर्भाशयाचा स्वॅब (संसर्ग तपासायला आतून घेतलेला नमुना) आणि सोनोग्राफी आधी करा. बरगड्या दिसत असतील तर अंगावर मांस येऊ द्या. हाताला लागाव्यात, डोळ्याला दिसू नयेत. माज 5-7 दिवस चालतो आणि बीज सुटतं ते बहुधा शेवटच्या 24-48 तासांत. पहिल्याच दिवशी एकदा भरवून थांबलात तर वेळ चुकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दिवसाआड भरवा. घोड्याचं वीर्यही तपासून घ्या. शुक्राणू तयार व्हायला जवळपास 57 दिवस लागतात, म्हणून त्याच्या खाण्यातल्या बदलाचा परिणाम दोन महिन्यांआधी दिसणार नाही.