आपल्याकडे जनावरांच्या आणि पिकांच्या साथीसाठी अमेरिकेसारखं नियंत्रण केंद्र का नाही?

अमेरिकेच्या कृषी खात्याचं मेरीलँडमधल्या रिव्हरडेलला असं केंद्र आहे, मग आपल्याकडे नुसतं टेबल, खुर्ची आणि चहा पिणारा बाबू का, असं तुम्ही विचारलंय. तो चहा पिणारा मीच. बाबू नव्हे, पशुधन पर्यवेक्षक. आता सेवानिवृत्त आहे, पण 2022 च्या लम्पीत, म्हणजे गाईबैलांच्या अंगावर गाठी येणाऱ्या रोगाच्या साथीत, आमच्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात फोनवर बसायचो.

व्यवस्था आपल्याकडेही आहे. पुण्यात औंधला पशुसंवर्धन आयुक्तालय आणि रोग अन्वेषण विभाग, भोपाळला उच्च सुरक्षा प्रयोगशाळा (2006 साली नवापूरच्या कोंबड्यांचा बर्ड फ्लू तिथेच पक्का झाला) आणि साथ आली की जिल्ह्याजिल्ह्यात कक्ष. भिंतभर स्क्रीन नसतात, कबूल. आमच्याकडे भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता आणि पाच किलोमीटरचं वर्तुळ काढायला शिपायाने पोराच्या कंपासपेटीतला कंपास आणला होता. फोन आला की गावावर टोक ठेवायचं, वर्तुळ मारायचं, आत येणारी गावं रजिस्टरात उतरवायची आणि शेळ्यांच्या देवीची लस बर्फात घालून पथक पाठवायचं. गाईबैलांना तेव्हा तीच लस टोचत होतो. काम चोख व्हायचं. अडायचं ते फोन येण्याच्या आधीच.

आमचे थोरले साडू बैलांचे हेडी. घरात बैल बांधतात, बाजारात दुसऱ्याचे विकून देतात. जनावरांचे बाजार बंद करण्याचा आदेश यायच्या आधीच्या शेवटच्या बाजाराला त्यांनी एक बैल नेला. बैलाला ताप होता, मानेवर आणि खांद्यावर चार-सहा गाठी होत्या. घेणाऱ्याने विचारलं तर म्हणाले, गोचीड चावलेत. वर हळद-तेल चोळून गाठी चमकवल्या होत्या, म्हणजे औषध चालू आहे असं वाटावं! तो बैल ज्या गावी गेला तिथल्या एका बाईचा पुढे फोन आला. आधी बैल, मग तिची गाय, मग शेजारचं वासरू. "साहेब, गाईच्या अंगावर बोटभर मोकळी जागा नाही, चारा हुंगतसुद्धा नाही." वासरू गेलं. मी नकाशावर टोक ठेवलं आणि खरेदीची पावती मागवली. पावतीवर साडूंची सही.

तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात आमचं एकच भांडण. ते म्हणतात, "पाहुणे, तुम्ही कळवाकळवी केलीत म्हणून बाजार बंद पडले, आमच्या पोटावर पाय आला." मी म्हणतो, बाजार तुमच्यासारख्यांनी बंद पाडले. लम्पी माश्या, डास, गोचिडांतून पसरतो हे खरं, पण डास काही टेम्पोत बसून शंभर किलोमीटर जात नाही. बैल जातो.

साडूंना पटत नाही म्हणून इंग्लंडचं सांगतो. 2001 साली तिथे लाळ्या-खुरकूत आला. सरकार श्रीमंत, पशुवैद्यक भरपूर, पुढे लष्करसुद्धा उतरवलं. पण नॉर्थंबरलँडमधल्या एका डुक्करपालकाने रोग असताना कळवलंच नव्हतं. निदान होईपर्यंत लागण झालेल्या मेंढ्या हेक्सहॅम आणि लाँगटाउनच्या बाजारांतून देशभर पोचल्या होत्या. साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. त्या माणसाला पुढे कोर्टाने दोषी ठरवलं. आपल्याकडेही 2009 च्या कायद्याने मालकावर कळवण्याची सक्ती आहे, पण कोर्टाची पायरी चढलेला हेडी माझ्या पाहण्यात नाही. माझ्या साडूंवरही काही झालं नाही. केंद्र कितीही मोठं बांधा, पहिला फोन करणारा लपूनच बसणार असेल तर स्क्रीनवर दिसणार काय?

तुमच्या घरी जनावरं असतील तर ताप, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर गाठी दिसल्या की त्याच दिवशी दवाखान्यात कळवा, नाहीतर 1962 लावा. जनावर वेगळं बांधा. आणि नात्यातला कुणी म्हणाला की बाजार होईपर्यंत थांबू, तर त्याला गोठ्यात पाऊल टाकू देऊ नका. लग्नात मानपान करा, गोठ्यात नको.

आता एवढं बोललो तर दुसरी बाजूही लिहितो. लोक लपवतात ते सगळे लबाड म्हणून नव्हे. त्या साथीत मेलेल्या दुभत्या गाईला 30,000, बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 रुपये मदत ठरली होती. चांगल्या गाईची किंमत त्याच्या दुपटीच्या पुढे जाते, शिवाय आधी पंचनामा, मग वाट बघा. दवाखान्यात डॉक्टरची जागा रिकामी असली तर कळवूनही दोन दिवस कुणी फिरकत नाही. या बाबतीत साडूंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, पण हे मी त्यांच्या तोंडावर सांगणार नाही.

पिकांचं राहिलंच. ते कृषी खात्याकडे. क्रॉपसॅप या कीड-रोग पाहणीच्या योजनेत कापूस, सोयाबीन, तुरीवर कीड किती आहे याची शेतात जाऊन मोजणी होते आणि त्यावरून सल्ले निघतात. टोळधाडीसाठी जोधपूरला वेगळी संघटना आहे. 2020 च्या मे महिन्यात टोळ अमरावती आणि नागपूर जिल्ह्यांत उतरले होते, ते लक्षात असेल. त्यातलं अधिक कुणा कृषी सहायकाला विचारा. माझा जन्म गोठ्यात गेला.